अंगठे बत्तीस, माणसं तेरा

पत्र

आम्ही दोन वर्षांपूर्वी लातूरहून पिंपरी-चिंचवडमधल्या रावेतला राहायला आलो. सोसायटीत २४० फ्लॅट आहेत. नवऱ्याची नोकरी हिंजवडीला, मुलगा आठवीत, माझं काम घरूनच. लिफ्टमध्ये सगळे हसतात, पण नावानं ओळखणारी माणसं मोजून तीन. गेल्या डिसेंबरात मीच पुढाकार घेऊन कार्ल्याची एक दिवसाची सहल ठरवली. ग्रुपवर ३२ अंगठे आले, म्हणून ३२ सीटर बस केली. निघताना गेटवर आम्ही १३ जण. जे आले तेही आपापल्या घरच्यांबरोबर बसले, जेवले आणि परत आले. भाड्याची तूट मी भरली, तरी एका गृहस्थांनी ग्रुपवर हिशेब मागितला. तेव्हापासून मन उडालंय. पुन्हा प्रयत्न करावा की सोडून द्यावं? सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना लांब चालवत नाही आणि इथे त्यांना बोलायलाही कुणी नाही. त्यांच्यासाठी काही करता येईल का?
— पाहुणीच राहिलेली, रावेत

उत्तर

ताई, पुन्हा करा. पण तशी सहल पुन्हा करू नका.

ग्रुपवरच्या अंगठ्याला फार अर्थ चिकटवू नका. ‘वाचलं’, ‘छान कल्पना’, ‘बघू जमलं तर’, ‘हिला विचारून सांगतो’ या सगळ्याला तो एकच अंगठा चालतो. त्यात पैसे गेलेले नसतात आणि कुणाला तोंडावर शब्द दिलेला नसतो. ३२ अंगठ्यांतून १३ माणसं उतरली हे खरं तर वाईट नाही. पहिल्या वेळेला अंगठ्यांच्या निम्मे आले तरी आयोजक खूश असतात. चूक बसच्या आकारात होती. दुसरी चूक वेळेच्या मागणीत. जी माणसं एकमेकांना नावानंही ओळखत नाहीत, त्यांच्याकडे तुम्ही पहिल्याच भेटीत आख्खा रविवार मागितलात. अनोळखी लोकांत दहा तास अडकायचं म्हटलं की माणूस आपल्या घरच्यांना धरूनच बसतो. त्यात बस हे वाहन ओळखी व्हायला सगळ्यात वाईट. दोघांच्या सीटवर नवरा-बायको, मागच्या सीटवर पोरं, स्पीकरवर गाणी; ज्याच्याशेजारी बसला त्याच्याशेजारीच संध्याकाळी उतरला.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांचा २०१८ सालचा एक अभ्यास आहे. तोंडओळखीचं माणूस साधं मित्र व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, खरी मैत्री म्हणावी इतकं व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवाभावाचं व्हायला २०० च्या वर. आकडे तिकडचे आहेत, आपल्याकडे ते तंतोतंत लागू पडतील असं नाही, पण हिशेब करायला बरे पडतात. वर्षातून एकदा दहा तासांची सहल केलीत तर ५० तास व्हायला पाच वर्षं लागतील, आणि तोवर निम्मे भाडेकरू घर बदलून गेलेले असतील. दर महिन्याला तीन तास केलेत तर वर्षात ३६ तास होतात. त्यात जिन्यातलं, दूधवाल्यापाशी, मुलांच्या बसथांब्यावर उभं राहून झालेलं बोलणं धरलं, तर दीड वर्षाच्या आत तुमच्या बिल्डिंगमध्ये चार-पाच माणसं अशी असतील की ज्यांची बेल न विचारता वाजवता येते. म्हणून आमचा सल्ला एकाच गोष्टीचा आहे: लहान, जवळ आणि दर महिन्याला. बाकी सगळं त्याच्या सोयीसाठी.

दिवस ठरवून टाका आणि मग तो हलवू नका. दुसरा रविवार चांगला. पहिल्या आठवड्यात मेंटेनन्सच्या मीटिंगा असतात, शेवटच्या आठवड्यात हात आखडलेला असतो. ‘कुणाला कुठला रविवार जमेल’ असा पोल ग्रुपवर कधीच टाकू नका. पोलमध्ये ज्याचा रविवार हरतो, तो ‘माझ्या सोयीचा नव्हता’ म्हणायला मोकळा होतो. वेळ सकाळी पावणेसात ते पावणेदहा. दहानंतर रविवार घरचा असतो: मटणाच्या दुकानापुढची रांग, मुलांचे क्लास, कामवाल्या मावशींची वेळ, दुपारचे पाहुणे. दहाच्या आत माणूस घरी पोहोचतो म्हटलं की घरातल्या बाकीच्यांची कुरकुर होत नाही, आणि पुढच्या महिन्यात तेच आपल्याला ढकलून पाठवतात. दुसऱ्या रविवारी एकादशी किंवा संकष्टी येते का तेवढं कॅलेंडरात पाहून ठेवा. तारीख बदलायची नाही, खाण्याचा बेत बदलायचा.

आता निरोप कुठे द्यायचा. तुमच्या पत्रात हे नाही, पण तपासा: कार्ल्याचा निरोप कुठल्या ग्रुपवर गेला होता? बहुतेक सोसायट्यांत मुख्य ग्रुप फक्त घरमालकांचा असतो. पार्किंगची भांडणं, लीकेज, थकबाकीदारांची यादी असं सगळं तिथे चालतं, म्हणून निम्म्या लोकांनी तो म्यूट केलेला असतो. भाडेकरू, एकत्र राहणारी नोकरदार मुलं-मुली, मुलाकडे राहायला आलेले आईवडील त्या ग्रुपवर नसतातच. आणि ओळखीची गरज नेमकी त्यांनाच जास्त असते. तेव्हा मुख्य ग्रुपवर एक ओळ टाका, लिफ्टजवळच्या फलकावर मोठ्या अक्षरात मराठी-हिंदीत एक कागद लावा, आणि खरं आमंत्रण दारावर जाऊन द्या. सगळ्या २४० दारांवर जायचं नाही. तुमच्या मजल्यावरची आणि खालच्या-वरच्या मजल्यांवरची मिळून आठ घरं. आठांना तोंडी विचारलंत तर तीन-चार घरं येतील. पहिल्या वेळी तेवढीच हवीत. सहा ते बारा माणसं हा आकडा उत्तम. त्यापेक्षा जास्त झाली की घोळके पडतात आणि नवा माणूस दोन घोळक्यांच्या मध्ये उभा राहतो.

दारात उभं राहून काय बोलायचं, यावर बराचसा निकाल अवलंबून असतो. ‘या हं नक्की’ म्हणू नका. समोरच्याला एक बारीकसं काम सांगा. ‘रविवारी सकाळी दुर्गा टेकडीला चाललोय, तुमच्या गाडीत दोघांना जागा होईल का?’ किंवा ‘तुमच्याकडे मोठं पातेलं आहे का? येताना घेऊन याल?’ नुसतं बोलावलेला माणूस सकाळी पाऊस, झोप, सर्दी यांतलं कुठलंही कारण काढू शकतो. पातेलं ज्याच्याकडे आहे तो येतोच. शनिवारी संध्याकाळी सातला शेवटचा निरोप टाका आणि त्यात येणाऱ्यांची नावं, कोण कुठल्या गाडीत आणि कुणाकडे काय, हे लिहा. नाव छापलेलं दिसलं की गळती कमी होते.

पहिली फेरी: निगडीची दुर्गा टेकडी. तुमच्यापासून जवळ, झाडी आहे, वाट सोपी. पावणेसातला गेट. पाच मिनिटं थांबायचं आणि निघायचं. उशिरा येणाऱ्यासाठी वीस मिनिटं थांबलात तर पुढच्या महिन्यात सगळेच वीस मिनिटं उशिरा येतील. गाड्यांत माणसं मुद्दाम मिसळा. मुलं एका गाडीत आणि त्यांच्याबरोबर दुसऱ्याच घरातली काकू, असं. वर अर्धा-पाऊण तास चालणं. पहिल्या वेळी पेट्रोलचे पैसे वाटून घेऊ नका, पुढच्या वेळी गाड्या बदला.

चालताना गोल करून ‘आपापली ओळख करून द्या’ हा प्रकार टाळा. बाराव्या माणसाची पाळी येईपर्यंत पहिल्याचं नाव विसरलेलं असतं, आणि लाजाळू माणसं त्या गोलातच पुढच्या वेळी न येण्याचं ठरवून टाकतात. त्यापेक्षा दोघा-दोघांनी चाला, आणि दोनदा जोड्या बदला: एकदा चढ संपल्यावर, एकदा परत फिरताना. विचारायला एक प्रश्न पुरतो: ‘गाव कुठलं तुमचं?’ लातूर म्हटलं की समोरचा उदगीरचा निघतो, नाहीतर त्याची मावशी औशाला असते, आणि तिथून पुढे तुम्हाला काही करावं लागत नाही. एक मात्र सांभाळा. गाव विचारता विचारता गाडी ‘आडनाव काय?’ वर जाते, आणि तो प्रश्न कशासाठी असतो हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. तुमच्या यादीत आणि गाडीच्या निरोपात पहिली नावं आणि फ्लॅट नंबर एवढंच लिहा. सुनीताताई बी-७०३, रफिकभाई ए-११०४, जोसेफकाका सी-२०२. हाक तीच पडते.

आता नाश्ता. तो टेकडीवर करू नका, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये परत येऊन करा. उद्यानात डबे उघडू देतात की नाही, कचरा कुठे टाकायचा, हात कुठे धुवायचे हे प्रश्न मिटतात. दुसरं म्हणजे ज्यांना चालवत नाही ते थेट नाश्त्याला येऊ शकतात. तिसरं, क्लबहाउसवरून दूध आणायला जाणारे डोकावतात, आणि पुढच्या महिन्याची निम्मी भरती तिथेच होते.

बेत दडपे पोह्यांचा ठेवा. गॅस लागत नाही, फोडणी तेवढी घरून करून आणायची, आणि बाकी सगळं तिथे बसून हातांनी करायचं असतं. पंधरा जणांना पातळ पोहे एक किलो, दोन मध्यम नारळ खवून, सहा कांदे, चार टोमॅटो, पाच लिंबं, कोथिंबिरीची मोठी जुडी, पाव किलोला थोडे कमी शेंगदाणे, आणि वरून चुरायला पोह्याचे पापड पंधरा. फोडणीला पाऊण वाटी तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, आठ-दहा हिरव्या मिरच्या; स्टीलच्या डब्यात झाकून आणली की साडेआठलाही वास टिकतो. प्रत्येक घराने एकच जिन्नस आणायचा. कांदे एकाकडे, नारळ दुसऱ्याकडे, विळी किंवा चॉपिंग बोर्ड तिसऱ्याकडे. मुलांकडे पापड भाजून आणण्याचं आणि चुरण्याचं काम.

कांदा-टोमॅटो बारीक चिरून आधी त्याला मीठ, साखर, लिंबू लावून पाच मिनिटं ठेवायचं. सुटलेल्या पाण्यातच पोहे भिजतात. इथे दोन गोष्टी बिघडतात. जाडे पोहे आणले तर ते दाताखाली टचटच लागतात, कितीही दडपा. आणि कुणीतरी घाईनं पाण्याचा हबका मारतं की त्याचा लगदा होतो. कोरडं वाटलंच तर नारळाचं पाणी चमच्या-चमच्यानं शिंपडा. पोहे, खोबरं, फोडणी कालवून झाकण ठेवायचं, वर काहीतरी वजन, आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. पापड अगदी वाढताना, नाहीतर मऊ पडतात. मार्चनंतर नारळ त्याच सकाळी खवा. रात्री खवलेलं खोबरं उकाड्यानं आंबूस होतं.

या खटाटोपात खरा फायदा त्या वीस मिनिटांचा आहे. सगळ्यांचे हात मोकळे असतात, भूक लागलेली असते, पोहे मुरायचे असतात, त्यामुळे कुणी उठून जात नाही. कुणाच्या आईची पद्धत वेगळी होती, कोकणात काय घालतात, देशावर हा प्रकार कसा कुणी करत नाही, असे वाद निघतात. पार्किंग, लिफ्ट, कमिटी हे विषय मात्र त्या तीन तासांत निघू देऊ नका. हे आधीच हसत सांगून टाका: ‘कमिटीबद्दल जो बोलेल तो भांडी घासणार.’ राजकारणाचंही तेच. एकदा त्यात शिरलात की पुढच्या महिन्यात दोन गट दोन वेगळ्या टेकड्यांवर जातील.

तीन-चार महिने असे गेले आणि रोजचे आठ-दहा चेहरे ठरले, की मग जरा लांब जा. तुमच्यासाठी सगळ्यात सोयीचं साधन आकुर्डी स्टेशन. सकाळची लोणावळा लोकल पकडून मळवलीला उतरायचं. पाऊण तासाच्या आसपासचा प्रवास, आणि लोकलमध्ये जागा मिळेल तिथे बसावं लागतं, त्यामुळे बसमधली घरगुती बेटं आपोआप मोडतात. मळवलीहून भाजे लेणी चालत गाठता येतात. एकूण २२ लेणी, इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास सुरुवात झालेली. चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या आहेत, शेवटच्या बाजूच्या विहारात सूर्य-इंद्राची म्हणून ओळखली जाणारी शिल्पं. मुलांना तिथे चौदा स्तूप मोजायला सोडा. परतीची गाडी निघायच्या आधीच पाहून ठेवा. या मार्गावर दुपारी गाड्यांमध्ये मोठं अंतर असतं आणि नेमकं तिथेच गट कंटाळून फुटतो. लेण्यांच्या कपारींत आग्यामाशांची पोळी असू शकतात. अत्तर, डिओ लावून जाऊ नये, धूर करू नये, पोळ्याखाली आरडाओरडा नको.

ज्यांना चढ नको त्यांच्यासाठी मेट्रो. पिंपरीच्या पीसीएमसी स्थानकात बसायचं आणि मंडई स्थानकात उतरायचं. सप्टेंबर २०२४ अखेर स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून गाडी थेट जाते. बाहेर आलात की समोर महात्मा फुले मंडई, १८८६ ची इमारत. नगरपालिकेचे सभासद असताना फुल्यांनी जिच्यावरच्या खर्चाला विरोध केला, तिलाच पुढे त्यांचं नाव मिळालं, एवढी गोष्ट सांगितली की मोठ्यांचे वाद मुलांपेक्षा जोरात सुरू होतात. तिथून तुळशीबाग, विश्रामबागवाडा, कसबा गणपती असं चालत होतं. तुळशीबागेत मात्र गट हमखास विरघळतो. परत भेटायची जागा आणि वेळ आत शिरण्यापूर्वी सांगा. चिंचवडगावात मोरया गोसावींची समाधी आणि चापेकर वाडा ही जोडीही तीन तासांत बसते.

पावसाळ्यात एक नियम आमच्याकडून घ्या आणि त्यावर चर्चा ठेवू नका: जून ते सप्टेंबर वाहत्या पाण्याजवळ गट न्यायचा नाही. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला तुमच्यापासून फार लांब नसलेल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या वजनानं कोसळला आणि चार जीव गेले. गटात कुणीतरी ‘पाच मिनिटं फोटो काढून येऊ’ म्हणतंच, आणि तुम्ही नेलेलं असलंत की ‘नाही’ म्हणणं तुम्हालाच भाग पडतं. म्हणून ठिकाणच असं निवडा की तो प्रश्न उद्भवणार नाही.

पण त्याच दिवसांत तुमच्या भागात एक असं निमित्त येतं की त्यासारखं दुसरं नाही. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून तुकोबांची पालखी निघते, पहिला मुक्काम देहूतच इनामदार वाड्यात, आणि दुसऱ्या दिवशी निगडीवरून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. भक्ती-शक्ती चौकातून आकुर्डीपर्यंत दिंडीबरोबर चाला, पायताण बरं असू द्या. सेवा करायची असेल तर शिजवलेलं अन्न परस्पर घेऊन जाऊ नका. दिंड्यांचा स्वतःचा स्वयंपाक असतो, त्यांचा ट्रक मागून येतो, आणि न विचारता नेलेली पुरीभाजी संध्याकाळी रस्त्यावर पडलेली दिसते. केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहा, मोबाइल चार्जिंगची सोय, आणि रस्त्यालगत कुणाच्या ओळखीच्या सोसायटीत किंवा शाळेत वारकरी बायकांसाठी स्वच्छतागृह उघडून घेता आलं तर ते सगळ्यात मोलाचं. त्या दिवशी सोसायटीतली अशी माणसं बाहेर पडतात जी तुमच्या टेकडीला एरवी कधी आली नसती.

आता पैसे, कारण खरी जखम तिथली आहे. पहिले तीन-चार महिने पैसे गोळाच करू नका. जो जिन्नस आणला तो त्याचा वाटा. पुढे गाडी करायची वेळ आली तर १७ आसनी टेंपो ट्रॅव्हलरच्या वर जाऊ नका, आणि भाडं कधीही पूर्ण सीटनं भागू नका. समजा गाडी, टोल, पार्किंग आणि चालकाचा भत्ता मिळून ९,१०० रुपये होतात. १७ नं भागलंत तर प्रत्येकी ५३५ येतात, आणि चार जण गळले की तूट तुमच्या पदरात. १३ नं भागा, ७०० घ्या. सतराही आले तर ११,९०० जमतील, २,८०० उरतील, ते माणशी दीडशेच्या वर परत द्या. कमी सांगून नंतर मागितलेले पन्नास रुपये लोक वर्षभर लक्षात ठेवतात. जास्त घेऊन परत केले तर कुणाची तक्रार नसते. ज्याचे पैसे आले त्याचीच सीट, अंगठा मोजायचा नाही. निघायच्या ४८ तास आधीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण परत, त्यानंतर नाही, हे पहिल्याच निरोपात लिहा. गाडीवाल्याकडून किती किलोमीटर आणि किती तास धरलेत, वर गेल्यास दर काय, हे लेखी घ्या, आणि गाडी पिवळ्या पाटीचीच असू द्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं नेली आणि काही झालं तर विम्याचे वांधे होतात.

ज्या गृहस्थांनी हिशेब मागितला त्यांच्यावर रागावू नका. त्यांचा सूर चुकला असेल, मागणी चुकली नाही. पुढच्या वेळी कुणी मागण्याआधी त्याच संध्याकाळी जमा, खर्च, शिल्लक अशा तीन ओळी आणि बिलांचे फोटो टाका. आणि खजिनदार त्यांनाच करा. हिशेबाची आवड असलेला माणूस रिकामा बसला की शंका काढतो, वही हातात दिली की जीव लावून सांभाळतो.

अशीच आणखी दोन कामं वाटून टाका. एक जण मोजणारा: निघताना, पोहोचल्यावर आणि परतताना नावांच्या चिठ्ठीवरून डोकी मोजायची. दुसरा शेपटाला: सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या मागे राहायचं, त्याला पुढे टाकून जायचं नाही. पिशवीत ओआरएसची चार पाकिटं, क्रेप बँडेज, पट्ट्या, कापूस. औषधं ज्याची त्याने आणावीत, दुसऱ्याला गोळ्या देऊ नयेत. पाणी थंडीत माणशी एक लिटर, एप्रिल-मे मध्ये दोन. मुलांचे आणि बायकांचे फोटो विचारल्याशिवाय मोठ्या ग्रुपवर जाणार नाहीत, हेही पहिल्या दिवशीच सांगून ठेवा. ही कामं दर महिन्याला नव्या माणसाकडे जाऊ द्यात. एकट्या तुम्हीच सगळं करत राहिलात तर सहाव्या महिन्यात तुम्ही दमाल, आणि तोवर बाकीच्यांना ‘ताई करतात’ याची सवय झालेली असेल. तुमच्याशिवाय एक तरी फेरी होते का, हे वर्षाच्या आत बघा. मुद्दाम गावाला जा हवं तर.

फेरीनंतरचे दोन दिवस वाया घालवू नका. ज्या दोघांशी बोलणं जमलं त्यांच्याकडे काहीतरी लहानसं मागा. कढीपत्त्याच्या चार काड्या, टेलरचा नंबर, एक दिवसासाठी शिडी. देणाऱ्यापेक्षा मागणारा लवकर घरचा होतो. तुम्ही आजवर बहुधा देत आलात: पुढाकार दिलात, तुटीचे पैसे दिलेत. कुणाला तुमच्या उपयोगी पडायची संधीच मिळाली नाही.

एखाद्या रविवारी चारच जण आले तर रद्द करू नका. चौघांनी जा, तितकेच पोहे करा, आणि ग्रुपवर ‘फार कमी आले’ असं लिहू नका. फक्त पुढची तारीख टाका.

सासूबाईंना ‘चालत नाही म्हणून घरी’ असं ठेवू नका. टेकडीच्या दिवशी त्या साडेआठला क्लबहाउसमध्ये. नारळ खवण्याचं काम त्यांच्याकडे द्या, आणि शेजारच्या विंगमधल्या आणखी एखाद्या आजींना कोथिंबीर निवडायला बसवा. दोन म्हाताऱ्या माणसांना ओळख करून देऊन समोरासमोर बसवलं की अवघडतात, मध्ये कोथिंबीर असली की बोलतात. बाहेर न्यायचं झालं तर आधी स्वतः जाऊन पाहून या: गाडीपासून किती पावलं, पायऱ्या किती, कठडा आहे का, बसायला बाक, आणि स्वच्छतागृह कुठे. लांबच्या देवदर्शनाला आज्यांचा गट निघाला तर खासगी गाडीपेक्षा एसटीचा विचार करा. नियमित गाड्यांत बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना त्याआधीपासूनच प्रवास मोफत. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ हवं.

आणि दुसऱ्या महिन्याचा नाश्ता सासूबाईंच्याच हाती सोपवा: सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला प्रकार. लातूरकडच्या घरात ती शिकवावी लागत नाही, आणि तुमच्या विंगमधल्या निम्म्या लोकांनी ती कधी खाल्लेली नसेल. पंधरा जणांना पाऊण ते एक किलो चुरमुरे, चांगले जाडसर बघून. भिजवून लगेच पिळायचे, नाहीतर गोळा होतो. फोडणी आणि डाळ्याची पूड त्या सांगतील तशी.